खोकलामुळाचा सातवा अर्क

२९ जानेवारी

पेंगही गेला. जाताना आपल्या पेशींच्या सगळ्या बाटल्या माझ्या गळ्यात मारून गेला. वर दाराशी थांबून म्हणतो, ताई, माझ्या लेकरांना वेळेवर जेवू घाल हं! लेकरं म्हणे. खरं लेकरू खाली बसमध्ये आईच्या मांडीवर रडत होतं, त्याचं काही नाही.

दर नववर्षाला हेच. सगळं कुन्मिंग रिकामं होतं, ज्याला त्याला गावी जाऊन आईच्या हातचं खायचं असतं. आणि पेशींना सणवार कळत नाही. एक दिवसाआड खाद्य बदललं नाही की मरतात. म्हणून एकाने मागे राहायचं आणि सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायच्या, हा आमच्या प्रयोगशाळेचा रिवाज. तो एक म्हणजे मी. दुआन सर — पाठीमागे आम्ही त्यांना मालक म्हणतो — पाळी ठरवायला बैठक बोलावतात, सगळे माझ्याकडे बघतात, की झाली बैठक.

मला काय! नवरा नाही, पोर नाही, गावी आई नाही. बाबा आहेत. बाबांकडे मी जात नाही. का ते आज लिहीत नाही.

३१ जानेवारी

खालचं शेवयांचं दुकान आजपासून बंद. मावशी फळ्या लावता लावता म्हणाली, अगं, तू अजून इथेच? घर नाही का तुला? म्हटलं, आहे की, उद्या निघते. तिने हॅमचा एक तुकडा कागदात गुंडाळून दिला, प्रवासात खा म्हणून. आता उद्यापासून तिच्या दारावरून जाताना चोरासारखं जायला हवं. ती वरच राहते.

इनक्युबेटरच्या सगळ्यांत वरच्या फळीवर आई आहे.

म्हणजे बाटलीवर ‘श्वे-१’ लिहिलंय. श्वेनवेई, आमचं गाव ज्या भागात आहे त्यावरून. आईच्या छातीत पाणी साचलं होतं, ते काढायचे तेव्हा मी इथेच शिकत होते. डॉक्टरांकडून थोडं मागून घेतलं, बाबांनी सही केली. आईला म्हटलं, तपासायला नेतेय. त्या पाण्यातल्या रोगाच्या पेशी मी वाढवल्या. आई गेली, त्या राहिल्या. प्रयोगशाळेत हे कोणी उघड बोलत नाही. मीही नाही. फक्त एकटी असले की बाटली उजेडात धरून विचारते, जेवलीस का?

वेडेपणा आहे. कळतं मला.

४ फेब्रुवारी

वर्षाचा शेवटचा दिवस. बाबांचा फोन, चेहऱ्यासकट. त्यांना फोन धरता येत नाही, निम्मा वेळ त्यांचं कपाळच दिसतं. टेबलावर आईची वाटी मांडली होती, तिच्यात भात. त्यावर हॅम. माझा वाटा छताला टांगून ठेवलाय म्हणाले. मग बांबूच्या हुक्क्याची गुडगुड. मला कळलं आता काय येणार.

“मेइ, तिला ते मूळ देत राहिलो असतो तर?”

दर वर्षी. अगदी हाच प्रश्न, ह्याच शब्दांत.

मूळ म्हणजे आमच्या डोंगरातलं खोकलामूळ. आईचा खोकला सुरू झाला तेव्हापासून ती त्याचा काढा घ्यायची, बरं वाटतं म्हणायची. आमच्याकडे बायका तंबाखूला शिवत नाहीत, पण घराच्या मधोमध खड्ड्यात धुराचा कोळसा जळतो आणि त्याच्याभोवती त्यांचा जन्म जातो. बाबा आयुष्यभर हुक्का ओढतायत, ठणठणीत आहेत. गेली ती. इस्पितळातली औषधं चालू झाली तेव्हा डॉक्टर बाबांना म्हणाले, यकृतावर ताण येतोय, झाडपाला सगळा बंद. बाबांनी काढ्याचं भांडं अंगणात पालथं केलं, वळचणीला टांगलेल्या मुळांच्या माळा जाळल्या.

आई मागत राहिली. बाबांनी दिलं नाही. आणि कारण तरी काय सांगणार? आमच्यात ज्याचं दुखणं त्याला सांगत नाहीत. फुफ्फुसावर जुना डाग आहे, औषधाने जाईल — बाबा, मामा, डॉक्टर, मी, सगळे एकच पाठ म्हणत होतो. काढा का बंद हे सांगायचं तर रोगाचं नाव सांगावं लागलं असतं. ती एकदा मला म्हणाली, तुझ्या बापाला डोंगरातली फुकटची मुळंसुद्धा जड झाली गं. मी गप्प बसले. ती तसंच समजून गेली.

बाबांना मी म्हटलं, काही फरक पडला नसता, बाबा. आणि फोन खिडकीकडे वळवला. रस्त्यावर लाल कंदील लावलेत, ते बघा म्हटलं. बघितले. म्हणाले, बरं. तू शिकलेली आहेस.

खोटं! साफ खोटं.

आता लिहूनच टाकते. हे मूळ मी प्रयोगाला घेतलं ते कुचकामी आहे हे दाखवायला. एकदा दाखवलं की बाबांना छातीठोकपणे सांगता येईल. मालकांना वाटलं, पोरीला गावाचा अभिमान. मुळातली द्रव्यं वेगळी करत गेले. पहिली सहा — काही नाही. मी खूश. सातवा अर्क श्वे-१वर टाकला, आणि दोन दिवसांत बाटली साफ. पेशी फुगून सुटून वर तरंगत होत्या. पुन्हा केलं. पेंगने केलं. उंदरांवर केलं. हात दाखवून अवलक्षण!

बाटलीत चाललं म्हणजे माणसात चाललं असतं असं नाही. विद्यार्थ्यांना हे मीच शिकवते. पण त्या पेशी कोणा दुसऱ्याच्या नव्हत्या. तिच्या होत्या. आणि ती मागत होती.

म्हणून मी गावी जात नाही. फोनवर खोटं बोलता येतं. समोर बसून त्यांच्याकडे बघत बोलता येणार नाही.

५ फेब्रुवारी

नवं वर्ष. पेशींना जेवू घातलं, मी उकडलेले बटाटे खाल्ले. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही.

८ फेब्रुवारी

मालकांचा निरोप आला, बोलून पाठवलेला, मागे पाहुण्यांचा गोंगाट. प्रांताच्या वर्तमानपत्राला सातव्या अर्काची बातमी हवी आहे. ‘आपल्या डोंगरातला रोग, आपल्याच डोंगरातलं औषध’ — मथळासुद्धा ह्यांनीच सुचवलाय. माणसांवरच्या चाचणीसाठी अर्ज जातोय, परवानगी देणारे फक्त पेशींच्या ओळखीवर अडलेत. पेशी खरंच त्या रोग्याच्या आहेत हे दाखवा म्हणतात. त्यासाठी पेशींचा नमुना सुट्टीआधीच शांघायला गेलाय. आईचं रक्त कुठे जपलेलं नाही, म्हणून सोबत माझ्या गालाच्या आतलं पुसून पाठवलं. मुलीत आईचं निम्मं असतंच.

मी कळवलं, बातमी एवढ्यात नको. का, विचारलं. म्हटलं, अजून पक्कं नाही. हसले. मला ते आडनावानेच हाक मारतात. “यान, तुझ्याइतकं रडकं यश मी पाहिलं नाही.”

बाबांना फारसं वाचता येत नाही. पण शेजारचा म्हातारा रोज संध्याकाळी पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो, आणि बाबा तिथेच बसतात.

शेवयांची मावशी आज जिन्यात भेटली. मी काही बोलायच्या आत तिनेच नजर वळवली. मी अजून इथेच आहे हे बघून तिलाच लाज वाटली बिचारीला.

१३ फेब्रुवारी

निकाल आला.

पेशी पुरुषाच्या आहेत.

चुकून दुसऱ्याचा कागद आला असेल म्हणून पुन्हा वाचला. माझंच नाव, माझाच नमुना. बाईच्या पेशीत जे असूच शकत नाही ते त्यात आहे. माझ्याशी काही जुळत नाही. निम्मं सोडा, रस्त्यावरच्या माणसाशी जुळेल तेवढंच.

मग वरच्या फळीवर कोण आहे?

१४ फेब्रुवारी

आज श्वे-१ला जेवू घातलं नाही. संध्याकाळी पुन्हा गेले आणि घातलं. कोणाचा का असेना, त्याला उपाशी मारायचा मला काय अधिकार.

१६ फेब्रुवारी

पेंग परतला. वाळवलेल्या अळंब्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली, आईने खास तुझ्यासाठी म्हणाला. मी निकालाचा कागद पुढे सरकवला. वाचलं त्याने. मला वाटलं होतं म्हणेल, हे कसं शक्य आहे. म्हणाला नाही. खुर्ची ओढून बसला, आणि त्याच्या त्या बसण्यावरून मला अर्धं कळलं.

आईच्या तिसऱ्या वर्षाला मी गावी गेले होते, आई गेल्यानंतरचं ते एकच नववर्ष. मागे राखणीला पेंग होता. त्याने सांगितलं ते असं: ऐन सणात इनक्युबेटरमधला, पेशींना लागणारा गॅस संपला. गॅसवाल्याचं दुकान बंद, कोणी फोन उचलेना. सायकलवर शहरभर हिंडून त्याने कुठून तरी सिलिंडर आणला, पण तोवर उशीर झाला होता. चिवट होत्या त्या पेशी तगल्या. आईच्या पहिल्यापासून नाजूक, हळू वाढणाऱ्या. एकही उरली नाही.

“मग हे कोण?” मी विचारलं.

“जवळच्या जिल्ह्यातला एक खाणकामगार. त्याच्या पेशी मीच इस्पितळातून आणल्या होत्या. त्यातल्या थोड्या तुझ्या बाटलीत घातल्या.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“ताई, तू तिसऱ्या वर्षाचं करून आली होतीस. दुखवट्याचा पांढरा दोरा अजून बाहीला होता. आल्या आल्या तू बाटली उजेडात धरलीस आणि हसलीस. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग तू प्रयोग सुरू केलेस. मग ते छापून आले.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, ती माझी आई आहे ते. आणि याला माहीत होतं, ती नाही ते. खूप ओरडायचं ठरवलं होतं. ओरडता येईना. आईच्या खाटेभोवती उभे राहून आम्ही जे केलं तेच त्याने केलं. आम्ही तेव्हा त्याला माया म्हणत होतो.

अळंब्या परत दिल्या. मग जिन्यापर्यंत जाऊन परत घेतल्या. त्याच्या आईने काय पाप केलंय?

१७ फेब्रुवारी

आठवतंय — त्या वर्षी परतल्यावर पेशी एकदम जोमाने वाढायला लागल्या. मला किती आनंद झाला होता! आईचं अंग भरतंय असं वाटलं होतं. पाच वर्षं मी एका परक्या खाणकामगाराला ‘जेवलीस का’ विचारत होते. तोही बिचारा मुकाट जेवत होता.

हसू आलं. मग दार लावून पोटभर रडले.

१९ फेब्रुवारी

कंदिलांचा सण. कँटीनमध्ये गोड उंडे होते, कोणीतरी माझ्यापुढे वाटी सरकवली. खाल्ले नाहीत.

मालकांना सगळं सांगितलं. पेंगचं नावही सांगितलं, तो शेजारीच उभा होता, मान खाली. मालक बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, छापलेलं दुरुस्त करावं लागेल, अर्ज मागे घ्यावा लागेल, माझी अब्रू जाईल ती वेगळी. पण माणूस बदलला तरी रोग तोच आहे ना? नाव बदला, पुढे चला. पेंगला पुढच्या सगळ्या सणांची राखण लावली. एवढीच शिक्षा. बरंच झालं, जास्त केली असती तर मलाच मध्ये पडावं लागलं असतं.

मी म्हटलं, नायट्रोजनच्या टाकीत माझी एक नळी आहे. पहिल्या वर्षी गोठवलेली. तिच्यातल्या पेशी खऱ्या आहेत.

“मग आजवर काढली का नाहीस?”

एकच आहे म्हणून. वितळवली आणि जगली नाही तर संपलं. गोठलेली आहे तोवर निदान आहे.

मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांनाही आई नाही.

२५ फेब्रुवारी

काढली. नळी कोमट पाण्यात धरायला पेंगला बोलावलं. बाटलीत घातल्या. बाटलीवर नाव घालवेना. कोरीच ठेवली.

२८ फेब्रुवारी

काही नाही. सगळ्या गोल, तरंगत्या. मेलेल्या अशाच दिसतात.

पेंग दिवसातून चारदा डोकावतो. त्याला म्हटलं, सारखं दार उघडशील तर त्यांना थंडी वाजेल. निमूट गेला.

५ मार्च

तळाशी चिकटल्यात! थोड्याच, कोपऱ्यात, आखडून बसलेल्या. पण चिकटल्यात.

ह्या आईच. ही चाल मी विसरले होते — घाई नाही, कोणाकडे काही मागणं नाही, एका कोपऱ्यात बसून आपलं काम. खाणकामगार दणादण पसरायचा. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

१८ मार्च

शांघायचा निकाल. बाईच्या. माझ्याशी निम्म्या जुळतात. मी तो कागद उगाच दोनदा घडी घालून खिशात ठेवला, बाहेर गेले, आणि मावशीच्या दुकानात बसून वाटीभर शेवया संपवल्या. मावशी म्हणाली, आज रंग आलाय तोंडावर. लग्न ठरलं की काय? म्हटलं, आई भेटली. ती चपापली, मग तिने वाटीत आणखी हॅम घातला.

मालक म्हणतात, पुरेशा वाढल्या की सातवा टाकून बघ. अर्जासाठी हवंय.

मला अर्जासाठी नकोय. आजवर जे धरून चालले ते दुसऱ्याच माणसाचं होतं. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून माहीतच नाही. ह्या खेपेला तिलाच विचारायचं आहे. आणि त्यासाठी तिच्यावर तेच ओतायचं. मेल्या तर बाबा गुन्हेगार, आणि मी कायमची खोटारडी. जगल्या तर माझी पाच वर्षं मातीत.

काय मागू? कोणापाशी मागू?

२९ मार्च

थोड्या बाजूला काढून गोठवल्या. बाकीच्यांवर सातवा टाकला, आणि शेजारच्या बाटलीत खाणकामगारावरही, बरोबरीने. टाकताना मोठ्याने म्हटलं, आई, घे. मागत होतीस ना.

पेंग मागेच उभा होता. ऐकलं त्याने. हळूच दार लावून बाहेर गेला.

१ एप्रिल

खाणकामगार साफ.

आई होती तशी आहे.

मात्रा वाढवली होती, तीही पचवली. मालकांनी स्वतः येऊन पाहिलं, सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून पुन्हा लावला. म्हणाले, काही रोग्यांवर चालतो, काहींवर नाही. का ते शोधायचं, म्हणजे आणखी पाच वर्षं. मी मान हलवली. खाणकामगारासारखे पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी शोधेन की. आता वर्तमानपत्रवाले आले तरी मला भीती नाही.

मालक गेल्यावर सुट्टीचा अर्ज लिहिला.

५ एप्रिल, गावी

आज कबरी झाडायचा सण. आईची कबर झाडली, गवत उपटलं, तिला तिकडे खर्चाला म्हणून कागदी नोटा जाळल्या. खाणकामगाराचं नाव माहीत नाही, त्याच्यासाठीही थोड्या वेगळ्या जाळल्या. बाबांनी आईपुढे भाताची वाटी ठेवली, बसले, आणि विचारलं. तेच, त्याच शब्दांत.

मीही तेच सांगितलं. काही फरक पडला नसता, बाबा. शब्द तेच होते, फक्त मी त्यांच्याकडे बघत होते.

बाबा किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आज खरं बोललीस.”